केनियाचा हापसा आणि विजापूर रोडवरची टाकी

वाचकांचे प्रश्न

शाळा-कॉलेजांत प्रकल्पांचे दिवस सुरू आहेत. त्यामुळे या वेळच्या टपालात इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांबद्दल, म्हणजे मुलं ज्याला आयओटी म्हणतात त्याबद्दल, बरीच पत्रं आली. त्यातली काही इथं घेतली आहेत. लांबलेली पत्रं आटोपशीर केली, म्हणणं मात्र ज्याचं त्याचंच ठेवलं.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी प्रत्येकाला आयओटीचा एक प्रेरणादायी प्रकल्प स्वतः शोधून, त्याचा अभ्यास करून दहा मिनिटांत वर्गाला समजावून सांगायला लावलंय. मी खूप शोधलं. सगळीकडे तेच ते, स्मार्ट कचराकुंडी, मोबाइलवरून दिवा लावणं, झाडाला आपोआप पाणी. निम्म्या वर्गाचं हेच निघणार. वेगळं कुठं मिळेल?
— विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या सरांनी यादी हातात दिली नाही, हे मला फार आवडलं. यादीतलं नाव उचलायला पाच मिनिटं पुरतात. स्वतः निवडायचं म्हटलं की हेच का आणि ते का नको, याचं उत्तर आधी स्वतःला द्यावं लागतं. या अभ्यासात डोक्याला खरा ताण तिथं पडतो, आणि तो पडायलाच हवा.

तू शोधताना 'आयओटी प्रोजेक्ट' असं टाकत असणार. त्यावर किट विकणाऱ्यांची आणि तयार रिपोर्ट विकणाऱ्यांची पानं आधी येतात, आणि त्यातली बरीचशी एकमेकांवरून उतरवलेली असतात. यंत्राचं नाव टाकूच नकोस, अडचण टाक. हापसा बिघडणं, चोरटी वृक्षतोड, विहिरीची पातळी, रात्रीची शेतीची वीज. त्याला फक्त 'सेन्सर' हा शब्द जोड आणि निकाल कसे बदलतात ते बघ.

हापशाचं शोधलंस तर केनियातल्या क्युसो भागातलं काम सापडेल. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तिथल्या हापशांच्या दांड्यात एक छोटं उपकरण बसवलं. आत हालचाल ओळखणारी चिप, तशीच जशी आपल्या मोबाइलमध्ये असते. दांडा किती वेळा वर-खाली झाला ते ती मोजते, त्यावरून पाणी अंदाजे किती उपसलं ते काढता येतं, आणि हा आकडा एसएमएसने जातो. रोज चालणारा हापसा एकाएकी गप्प झाला की काहीतरी बिघडलं, हे ऑफिसात बसून कळतं. आधी हापसा दुरुस्त व्हायला सरासरी २७ दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले.

हा प्रकल्प मी वर्गात नेहमी सांगते. त्यांनी पाणी मोजायला पाण्यात काहीच घातलेलं नाही, दांडा मोजला. ही कल्पना सुचणं मला फार मोठं वाटतं. आणि एसएमएस मिळाल्यावर निघणारा मेकॅनिक तिथं आधीच नेमून ठेवला होता. तो नसता तर हापसा बिघडल्याची बातमी लवकर कळली असती आणि बायकांची पायपीट तशीच राहिली असती. म्हणून प्रकल्प कुठलाही असो, वाचताना मी हेच शोधते : निरोप कुणाकडे जातो, आणि तो मिळाल्यावर तो माणूस काय करतो? ज्या लेखात याचं उत्तर नाही तो लेख बाजूला ठेव, मग त्यातली चित्रं कितीही देखणी असोत.

असेच आणखी काही. अमेरिकन अभियंते टोफर व्हाइट यांनी इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या जंगलात उंच झाडांवर जुने, टाकून दिलेले मोबाइल बसवले, त्यांना सौरपट्ट्या जोडल्या. ते मोबाइल जंगलाचा आवाज सतत पाठवत राहायचे. यांत्रिक करवतीचा आवाज ओळखू आला की राखणदारांना सूचना जायची. आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळरानावर रात्री काय काय ऐकू येत असेल, हा प्रश्न मला त्यावरूनच पडला. तुझ्या वर्गातल्या कुणाला तो घ्यायचा असेल तर जरूर घ्या, वनखात्याची परवानगी मात्र आधी.

जुनं काही हवं असेल तर १९८२ सालचं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचं कोकचं यंत्र बघ. यंत्र लांब होतं, तिथवर जाऊन बाटली नाही किंवा असलेली कोमट, असं व्हायचं. विद्यार्थ्यांनी यंत्रावरच्या दिव्यांच्या तारा संगणकाला जोडल्या. कुठल्या रकान्यात बाटल्या आहेत ते खोलीतून दिसू लागलं, आणि भरून तीन तास झालेल्या बाटलीपुढे 'थंड' असं येऊ लागलं. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज', म्हणजेच आयओटी, हे नाव ब्रिटिश तंत्रज्ञ केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये वापरलं, म्हणजे काम नावाच्या कितीतरी आधीचं आहे.

आणि पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' विसरू नकोस. शेतातला पंप साध्या मोबाइलवरून चालू-बंद करायचा, वीज आली आहे का ते घरून कळून घ्यायचं. रात्री-अपरात्री अंधारात मोटर चालू करायला जाणारा शेतकरी ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे दहा मिनिटं समजावून सांगावं लागत नाही. वर्गात अशी मुलं असतील तर त्यांना बोलतं कर, तुझ्या सादरीकरणातला सगळ्यात चांगला भाग तो होईल.

प्रकल्प ठरला की त्याची माहिती दोन ठिकाणी पडताळ. एक बनवणाऱ्यांनी लिहिलेली, दुसरी त्यांच्याशी संबंध नसलेल्या कुणाची. तारीख बघ. उद्घाटनाची बातमी हमखास छापून येते, तीन वर्षांनी उपकरण चालू आहे की अडगळीत गेलं ते शोधावं लागतं. सापडलं नाही तर बनवणाऱ्यांनाच ई-मेल पाठव. प्रश्न नेमका असेल तर लोक विद्यार्थ्यांना उत्तर देतात, हा माझ्या वर्गातल्या मुला-मुलींचा अनुभव आहे.

प्रश्न : माझा यंत्रमागाचा लहान कारखाना आहे. मुलगा अकरावीला. तासन्‌तास मोबाइलवर जगभरचे प्रकल्प बघत बसतो, वहीत चित्रं काढतो, मित्रांना पाठवतो. हाताने अजून काही बनवलेलं नाही आणि आता महागडं किट मागतोय. हा अभ्यास आहे की वेळ घालवणं? किट घेऊन द्यावं का?
— पालक, साखर पेठ

उत्तर : वहीत चित्रं काढतो, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मला उत्तर देणं सोपं झालं. नुसतं बघणारा मुलगा वही घेत नाही. तो अभ्यासच करतोय. मात्र ती वही एकदा तुम्ही उघडा आणि त्यातला एक प्रकल्प तुम्हाला समजावून सांगायला लावा. तुमच्या भाषेत, तुमच्या कारखान्यात, माग चालू असताना. जिथं तो अडखळेल तिथं त्याला अजून कळलेलं नाही, हे त्यालाच समजेल. रागावू नका, 'उद्या सांग' म्हणा.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. लहानपणी डबा द्यायला गेले की ते मला मागाचा एक छोटा काटा दाखवायचे. आडवा धागा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली की त्या काट्याला धागा लागत नाही, आणि माग आपोआप थांबतो. ना संगणक, ना तार. मला सेन्सर म्हणजे काय ते तिथं कळलं, पुढं कॉलेजात त्याची फक्त व्याख्या लिहिली. तुमच्या मुलाच्या घरात ही शाळा फुकट आहे. त्याला विचारा, हा काटा काय ओळखतो? माग थांबल्यावर कुणाला कळतं, कसं कळतं, आणि कळेपर्यंत किती वेळ जातो?

शेवटच्या प्रश्नात एक चांगला प्रकल्प दडलेला आहे. एक कामगार अनेक माग बघतो. पलीकडचा माग थांबला तर त्याच्या लक्षात यायला वेळ लागतो, आणि पाळी संपल्यावर कुठला माग किती वेळा, कशामुळे थांबला याची नोंद कुणाकडेच नसते. आधी मुलाला एक पाळीभर कागद-पेन्सिल घेऊन बसवा. थांबला कधी, सुरू झाला कधी, कारण काय, एवढंच लिहायचं. कामगारांना आधी सांगा की ही त्यांच्यावरची पाळत नव्हे, आणि ते खरंच तसं असू द्या. तो तक्ता बघून तुम्हाला स्वतःला काही करावंसं वाटलं तरच पुढं उपकरण बनवायचं.

किटचं म्हणाल तर मोठी पेटी आत्ता नको. त्यातले निम्मे भाग कधीच वापरले जात नाहीत. ईएसपी-३२ नावाचा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो, त्याला लागणारा एखाददुसरा सेन्सर जेव्हा लागेल तेव्हा घ्या. तोवर वोक्वी किंवा टिंकरकॅड या वेबसाइटवर संगणकातल्या संगणकात सर्किट जोडून, कोड चालवून बघता येतं. ते फुकट आहे आणि तिथं काही जळत नाही. एक गोष्ट कडक शब्दांत सांगा : मागाच्या स्टार्टरला, मोटरला किंवा कुठल्याही २३० व्होल्टच्या जोडणीला त्याने एकट्याने हात लावायचा नाही. थांबलेला माग ओळखायला कंपन मोजणारा सेन्सर बाहेरून चिकटवला तरी पुरतो.

प्रश्न : आम्ही बारावीच्या मुलांनी इंटरनेटवरचा एक प्रकल्प बघून गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी दाखवणारं उपकरण केलं. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर आणि ईएसपी-८२६६ हा वाय-फायचा बोर्ड. सकाळी बरोबर दाखवतं. दुपारी कुणी पाणी भरलेलं नसताना पातळी चढते आणि रात्री आपोआप उतरते. कोड दहादा तपासला. चूक कुठं आहे?
— बारावीचे विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : कोड बरोबर आहे. तुम्ही जिथून तो घेतलात तिथल्या हवेत आणि सोलापूरच्या मे महिन्यातल्या हवेत फरक आहे.

हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाची छोटी ललकारी पाण्याकडे सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते सांगतो. वेळेवरून अंतर काढायला आवाजाचा वेग लागतो, आणि तुमच्या कोडमध्ये तो सेकंदाला ३४३ मीटर असा पक्का लिहिलेला असणार, किंवा 'वेळ भागिले ५८' असं असेल. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. पण हा वेग २० अंश सेल्सिअसच्या हवेतला आहे. तापमान एका अंशाने वाढलं की वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. ४२ अंशांना तो ३५६ च्या पुढं जातो. प्रतिध्वनी लवकर परत येतो, उपकरणाला वाटतं पाणी जवळ आलं. खरं अंतर १०० सेंटिमीटर असताना ते ९६ दाखवतं. टाकीचा व्यास एक मीटर असेल तर या चार सेंटिमीटरमध्ये तीसेक लिटर पाणी बसतं, जे टाकीत नाहीच. आणि उन्हात तापलेल्या काळ्या टाकीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षाही गरम असते, म्हणजे चूक आणखी मोठी.

उपाय सोपा आहे. डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरचा पाण्यात चालणारा प्रकार टाकीच्या आत, पाण्याच्या वर लोंबकळत ठेवा. बाहेर सावलीत ठेवलात तर उपयोग नाही, आवाज आतल्या हवेतून जातो. मग वेग = ३३१.३ + ०.६०६ × तापमान, हे सूत्र कोडमध्ये घाला. करण्याआधी एक करा. दिवसभर दर तासाला काठी टाकून खरी पातळी मोजा आणि उपकरणाच्या आकड्याशेजारी लिहा. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच. हे दोन तक्ते म्हणजे तुमचा स्वतःचा अभ्यास. ज्यांच्याकडून तुम्ही प्रकल्प घेतलात त्यांनाही ते पाठवा, उष्ण गावातल्या सगळ्यांना उपयोगी पडतील.

दोन बारीकसारीक गोष्टी. एचसी-एसआर०४ ची प्रतिध्वनीची तार ५ व्होल्ट देते आणि तुमचा बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे. मध्ये दोन रोधक (रेझिस्टर) लावून व्होल्टेज उतरवा. आणि टाकीतली वाफ सेन्सरच्या जाळीवर साचून काही महिन्यांत तो खराब होतो. जलरोधक प्रकार मिळतो, पण त्याला अगदी जवळचं, वीसेक सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. त्यामुळे तो टाकीच्या तोंडाशी जरा उंच बसवावा लागेल.

आता मला तुम्हाला विचारायचंय. टाकीत पाणी किती, हे कळल्यावर घरातलं कोण काय करतं? आपल्याकडे शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी येतं, तेही काही दिवसांआड, आणि नळाची वेळ पुढं-मागं होते. गल्लीतल्या बायका पहाटे उठून नळ उघडून बघतात, ते पाणी आलं का याच्यासाठी. मग गल्लीच्या पहिल्या घरातल्या नळाला पाणी आल्याबरोबर सगळ्यांना निरोप गेला तर? तुम्ही म्हणाल, पाण्याची गती मोजणारी चक्री लावू. जपून. पाण्याआधी पाइपातली हवा जोरात येते आणि चक्री हवेनेही फिरते, अख्खी गल्ली फुकट उठेल. नळाखालच्या छोट्या भांड्यात दोन तारा ठेवा, पाणी लागलं की जोडणी पुरी होते. त्या तारांत वीज सतत सोडू नका, मिनिटाला एकदा क्षणभर सोडून बघा, म्हणजे त्या लवकर गंजणार नाहीत. हे करून बघाच आणि मला कळवा.

प्रश्न : मी माढा तालुक्यात शिक्षक आहे. आठवी-नववीच्या मुलांना आम्ही तंत्रज्ञानाचे प्रकल्प शोधून आणायला सांगतो. मुलं आवडीने शोधतात, पण सांगायची वेळ आली की इंग्रजी स्लाइड वाचून दाखवतात. ऐकणाऱ्यांना काही कळत नाही. एकाने तर दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सांगितलं. काय करावं?
— शिक्षक, माढा तालुका

उत्तर : सर, तुमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणल्याबद्दल त्यांची ओळख आहेच. मला त्याहून जास्त आवडते ती पुढची गोष्ट. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. वाटणं म्हणजे काय, हे तुमच्या मुलांना सांगायला लांबचं उदाहरण शोधावं लागणार नाही.

स्लाइड बंद करा. एक मोठा कागद, एक खडू, आणि घरी जी भाषा बोलतात ती भाषा. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कानडी, शाळेत मराठी. सेन्सर, सिग्नल, वाय-फाय हे शब्द तिन्ही भाषांत तसेच राहतात. बाकीचं वाक्य आपल्या भाषेत जुळवताना मुलाला ते समजूनच घ्यावं लागतं. मी वर्गात एवढंच सांगते की उपकरणापासून माणसापर्यंत निरोप कसा पोचतो त्याची वाट कागदावर काढ आणि बोटाने दाखवत बोल. वाट मध्येच तुटली तर ऐकणारी मुलं लगेच ओळखतात, शिक्षकाला बोलावंच लागत नाही.

दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून सांगणाऱ्या मुलाला शिक्षा करू नका असं माझं म्हणणं आहे. त्याला बहुधा वाटत असतं की दुसऱ्याने केलेलं सांगितलं तर गुण मिळणार नाहीत. हा समज आपण मोडायचा. 'हे कुणी केलं, कुठं, कधी' हे आधी सांगणाऱ्याला गुण ठेवा. 'मला अमुक कळलं नाही' असं सांगणाऱ्याला अधिक ठेवा. ऐकणाऱ्याने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर 'शोधून शनिवारी सांगतो' हे पूर्ण मार्कांचं उत्तर समजा, फक्त शनिवारी ते विसरू देऊ नका.

दुसऱ्याचं काम घेऊन पुढं नेणं यात कमीपणा नाही, हे पटवायला मी सेफकास्ट नावाच्या गटाची गोष्ट सांगते. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला. आपल्या गल्लीत, आपल्या शाळेच्या मैदानात किरणोत्सर्ग किती, हे लोकांना कळेना. मग स्वयंसेवकांनी मोजणारं उपकरण स्वतः जुळवलं, त्यात जीपीएस बसवलं, ते मोटारीला लावून रस्तोरस्ती फिरले आणि सगळे आकडे जगाला खुले करून टाकले. कुणीही घ्या, वापरा, तपासा. उपकरण कसं जुळवायचं तेही खुलं. लोक ते पुन्हा बनवून आपल्या भागाचे आकडे जोडत गेले. इथं कुणी कुणाची नक्कल केली असं म्हणणार?

वर्गाची एक जाड वही ठेवा. ज्याने जे शोधलं त्याचं एक पान, त्याच्याच अक्षरात, शेवटी न सुटलेला प्रश्न. पुढच्या वर्षीची आठवी ती वही वाचून सुरुवात करेल.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे. मी व्हिडिओ बघून मातीतला ओलावा दाखवणारं उपकरण केलं. दोन आठवडे चांगलं चाललं, आता ठिबक चालू असलं तरी 'कोरडं' दाखवतं. शिवाय मैत्रीण म्हणते, बघून केलेला प्रकल्प तुझा कसा?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : सेन्सर उपटून बघ. त्याच्या दोन पायांवरचा धातू खाल्लेला दिसेल. ओल्या मातीत दोन धातूंमधून सतत वीज सोडली की एक पाय झिजत जातो, आणि खतं दिलेल्या मातीत आणखी लवकर. धातू उघडा नसलेला, कपॅसिटिव्ह नावाचा प्रकार घे. त्याच्या वरच्या भागातले छोटे सुटे भाग आणि पट्टीच्या कडा मात्र वॉर्निशने नीट बंद कर, तिथून पाणी शिरतं.

आकड्याला अर्थ तुझ्या मातीने येतो. बागेतली माती वाळवून वजन कर, मोजून पाणी घालत जा आणि प्रत्येक वेळी सेन्सरचा आकडा लिही. मुरमाड आणि काळ्या मातीचे आकडे वेगळे येतील. ठिबकच्या तोटीखाली आणि तिथून हातभर अंतरावर, मुळांच्या खोलीवर, असे दोन सेन्सर ठेवलेस तर पाणी मुळांपर्यंत जातं की नुसतं वर साचतं ते दिसेल. तुझे वडील ठिबक किती वेळ चालू ठेवायचं ते आज हाताने माती दाबून ठरवत असतील. त्यांचा अंदाजही रोज लिहून ठेव, सेन्सरइतकाच मोलाचा आहे. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तुझा तक्ता घेऊन तिथं एकदा जा आणि तिथल्या तज्ज्ञांना दाखव.

बागेत रेंज कमी असेल तर उपकरणांचे निरोप पाठवण्याच्या एमक्यूटीटी या पद्धतीबद्दल वाच. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवायला बनवली. उपग्रहावरून निरोप पाठवणं महाग होतं, म्हणून निरोप अगदी आटोपशीर ठेवला. रेंज कमी असली की तुझ्या शेतातही निरोप असाच लहान हवा.

आणि मैत्रिणीला सांग, व्हिडिओ त्यांचा, मातीचा तक्ता तुझा. दोन्ही नावं लिहायची.

प्रश्न : माझ्या मुलाने कॉलेजात 'वृद्धांसाठी स्मार्ट घर' असा प्रकल्प शोधून सादर केला. आता तो अक्कलकोटला एकट्या राहणाऱ्या आजीच्या घरात कॅमेरा लावून मोबाइलवर बघायचं म्हणतोय. मला धास्ती वाटते. त्यात धोका आहे का?
— एक आई, होटगी रोड

उत्तर : आहे, आणि तो मुलाने आधी अभ्यासायला हवा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते, लोकांनी बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबरला त्या उपकरणांनी वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर एकाच वेळी इतक्या मागण्यांचा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. मिराई बनवणारे कॉलेजच्या वयाचे तरुण होते, आणि त्याचा कोड त्यांनी त्याआधीच इंटरनेटवर टाकला होता, तो घेऊन इतरांनीही हल्ले केले. काय खुलं करायचं आणि काय नाही, यावर तुमच्या मुलाने वर्गात बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

पासवर्ड बदलणं, उपकरणाचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणं ही झाली तयारी. पण त्याआधी, आजींना विचारलं का? स्वतःच्या घरात उठता-बसता कुणी बघत राहावं, हे कुणाला आवडेल? त्या नको म्हणाल्या तर तिथंच थांबायचं.

तुम्हाला कळायचं आहे ते एवढंच ना, की आजी सकाळी नेहमीसारख्या उठल्या? मग कॅमेऱ्याची गरज नाही. मागच्या दाराच्या चौकटीला चुंबकाने चालणारा छोटा स्विच आणि दाराला चुंबक लावा. दार उघडलं की उपकरणाला कळतं. रोज सहा-साडेसहाला उघडणारं दार आठ वाजेपर्यंत उघडलं नाही, तरच निरोप जाऊ द्या. त्यात ना चित्र, ना आवाज. वीज किंवा इंटरनेट गेलं तर काय, हेही त्याने ठरवावं. उपकरण गप्प आहे आणि आजी उठल्या नाहीत, या दोन गोष्टी मोबाइलवर वेगवेगळ्या दिसायला हव्यात.

निरोप जाण्याच्या यादीत तुमचा नंबर पहिला नको. तुम्ही चाळीसेक किलोमीटरवर आहात. ज्यांच्याकडे आजींच्या घराची दुसरी किल्ली असते, त्या शेजारच्या काकूंना आधी विचारा, आणि त्या हो म्हणाल्या तर त्यांचा नंबर वर घाला.